बेढब गणपती, सुबक गणपती: आधी शाडू समजून घ्या, मग नावं ठेवा

मातकट

परवा त्रिमिती यांनी लिहिलं ते थोडक्यात असं: सोसायट्यांमधून, शाळांमधून दोन-दोन तासांत शाडूचे गणपती करायला शिकवतात, त्यातून दरवर्षी बेढब मूर्तींचा ढीग तयार होतो. मान नाही, सोंड पोटाला चिकटलेली, हात गुडघ्यांवर थापलेले, बैठक पोत्यासारखी पसरलेली. ज्याला शरीररचनेचा गंध नाही त्याने मातीला हात लावू नये, मूर्ती शिकलेल्या माणसाकडून घ्यावी.

वाचून संताप आला. दोन ओळींत उत्तर मावणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही मोजलेले चारही दोष पुन्हा एकदा बघा. मान नाही, सोंड टेकलेली, हात टेकलेले, बैठक रुंद. न भाजलेल्या मातीची मूर्ती उभी राहते ती याच चार गोष्टींवर.

शाडूत मळताना किलोला तीनशे-साडेतीनशे मिली पाणी जातं. ते सगळं पुढे उडून जातं आणि माती आकसते. 9 इंचांची ओली मूर्ती वाळून साडेआठच्या आसपास येते. पण सगळीकडून एकाच वेळी आकसत नाही, खरी गोम तिथे आहे. सोंडेचं टोक, बोटं, कानाची पाळी पहिल्या दोन दिवसांत वाळतात, पोट पुढे कितीतरी दिवस आतून ओलं असतं. बारीक भाग आकसून मोकळा झालेला, जाड भाग अजून फुगलेला, आणि दोघांच्या मध्ये जोड. भेग तिथेच जाते. सोंड हवेत ठेवलीत तर ती मुळाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये फाटते. तीच पोटावर टेकवा, पोटाची ओल तिला मिळत राहते, दोन्ही बरोबरीने वाळतात.

मानेचंही तसंच. हत्तीचं डोकं, वर मुकुट, मिळून अर्धा-पाऊण किलो ओली माती. माणसाच्या प्रमाणातली मान घातलीत तर पहिल्या रात्रीत डोकं पुढे कलतं आणि सकाळी हनुवटी छातीवर. म्हणून मान झाकून डोकं थेट खांद्यांवर बसवायचं, मागून कान खांद्याला जोडायचे. कान म्हणजे तिथे धिरे असतात.

आता कला महाविद्यालयात काय होतं? माती ओल्या फडक्यात गुंडाळलेली, रोज पाणी मारलेलं, आत पाइप, तार, बटरफ्लाय म्हणजे माती घसरू नये म्हणून तारेने टांगलेले लाकडाचे तुकडे. काम पुरं झालं की प्लास्टरचा साचा काढायचा, माती उकरून परत हौदात. त्या मातीला वाळायची वेळच येत नाही. वर्षानुवर्षं माती हाताळून तिचं वाळणं न पाहिलेला माणूस वाळणाऱ्या मूर्तीला बेढब म्हणतो, याचा मला राग आहे. पाहिलंत ते काम वेगळं, तुम्ही शिकलात ते वेगळं.

त्रिमिती

मातकटताई, तुम्ही मी न म्हटलेल्या गोष्टीला उत्तर देताय. जाड मान मला चालते. टेकलेली सोंड चालते. कर्नाटकातल्या होयसळ मंदिरांतला गणपती बघा, मान जवळजवळ नाहीच, आणि मूर्ती भक्कम, डौलदार.

मला खटकतं ते हे: डाव्या डोळ्यापेक्षा उजवा डोळा अर्धा सेंटिमीटर वर. एक मांडी दुसरीपेक्षा लांब. पोट छातीतून न निघता छातीवर चिकटवलेलं, त्यामुळे मूर्ती बाजूने बघितली की दोन गोळे दिसतात. कण्याची रेषा बैठकीच्या मध्यावर उतरत नाही, म्हणून मूर्ती कललेली. यातलं काहीही माती वाळल्यामुळे होत नाही. हे न बघितल्यामुळे होतं.

आपल्याच शिल्पशास्त्रात गणपती पंचताल सांगितला आहे. एक ताल म्हणजे एक मुखाची लांबी, अशा पाच भागांत मूर्ती. म्हणजे प्रमाण ही कुणी साहेबाने आणलेली गोष्ट नाही. 9 इंचांच्या मूर्तीसाठी कागदावर त्याच मापाची दोन चित्रं काढा, एक समोरून, एक बाजूने. उभी मध्यरेषा आखा, पाच भाग पाडणाऱ्या आडव्या रेषा आखा. कागद भिंतीला लावा आणि दर दहा मिनिटांनी पट्टी धरून मूर्तीशी ताडून बघा. पाट फिरवत राहा, समोर बसून एकाच बाजूने काम करू नका. याला सगळी मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात. कुठल्या कार्यशाळेत हे करवून घेतात? पहिल्या मिनिटाला गोळा हातात देतात, शेवटच्या मिनिटाला फोटो काढतात.

आणि कलाशाळेला नावं ठेवताना शिल्पकार विनायक करमरकरांना विसरू नका. अलिबागजवळच्या सासवने गावात 1891 साली जन्म. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले म्हणूनच पुण्यातला 1928 चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा झाला. घरच्या मातीत राहिले असते तर झाला असता का?

मातकट

करमरकरांचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरंच झालं. ते जे. जे. मध्ये गेले कसे? गावातल्या देवळाच्या भिंतीवर काढलेलं चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी बघितलं आणि त्यांना मुंबईला पाठवलं. ती नजर, तो हात शाळेत जायच्या आधीचा. घरात गणपतीच्या मूर्ती होत असत, तिथला. शाळेने पुढचं दिलं, नाकारत नाही. पण 'ज्याला शिक्षण नाही त्याने मातीला हात लावू नये' हा तुमचा नियम त्या घराला लावला असता, तर जे. जे. ला करमरकर मिळालेच नसते.

दोन चित्रांचा कागद भिंतीला लावायचा, हे मात्र मान्य. उपयोगाचं आहे.

रानमोगरा

इथे तज्ज्ञ आहेत म्हणून विचारते. आमच्या सोसायटीत शिकवणारे सांगतात की चारही हातांत 18 गेजची तार घाला म्हणजे हात तुटत नाहीत. तार घातलेल्यांचे हात कोपरात चिरतात, न घातलेल्यांचे गळून पडतात. नक्की काय करायचं?

मातकट

तार घालू नका. माती आकसते, तार आकसत नाही. हाताची माती तारेवर ताणली जाते आणि जिथे वाकण असेल तिथे, म्हणजे कोपरात आणि मनगटात, गोल चीर पडते. वर लोखंडी तार ओल्या मातीत गंजते आणि गंजाचा तांबूस डाग पांढऱ्या रंगातून वर येतो. शाडूच्या मूर्तीत तार म्हणजे आपल्या हाताने भेग पेरणं.

त्रिमिती

हे अर्धवट ज्ञान आहे. तार नागडी घातली तर चिरणारच. तिच्यावर सुतळी गुंडाळायची, सैल, दोन थर. माती आकसली की सुतळी दबते, गादीसारखी. गंजाचा त्रास नको असेल तर ॲल्युमिनियमची तार घ्या. मागचे दोन हात उचललेले हवे असतील, परशू-पाश धरलेले, तर आधाराशिवाय ते राहतील कसे? का सगळे गणपती हात मांडीवर टाकून बसवायचे, तुम्हाला वाळवायला सोयीचं पडतं म्हणून?

मातकट

'अर्धवट' हा शब्द परत घ्या. मागचे हात कानाला आणि प्रभावळीला टेकवून करतात, कोकणातली कुठलीही जुन्या वळणाची मूर्ती मागून फिरून बघा. परशू वेगळा करून वाळवतात आणि शेवटी मुठीत खोचतात. त्यासाठी माती ओली असतानाच मुठीला आगपेटीच्या काडीपेक्षा जरा जाड भोक ठेवायचं, कारण तेही आकसून लहान होतं. हे सगळं तारेशिवाय पिढ्यान् पिढ्या चाललेलं आहे. आणि विसर्जनानंतर बादलीत तारेचा सांगाडा उरतो, तो कुणी उचलायचा?

त्रिमिती

पिढ्यान् पिढ्या चाललं म्हणजे बरोबर, हा युक्तिवाद नव्हे. शब्द परत घेत नाही. सुतळी गुंडाळलेली तार तुम्ही करून बघितलेली दिसत नाही, न करताच निकाल देताय.

पाटावरचा

दोघंही जरा थांबा. तारेला तिसरा पर्याय आहे, आमच्या सिंधुदुर्गातल्या गणपतीच्या शाळांमधून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यांमधून, तोच चालतो. बांबूची काडी. सुईइतकी नाही, उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडी जाड. आदल्या रात्री पाण्यात भिजत टाकायची. भिजून ती फुगते, मूर्तीत घातल्यावर मातीबरोबर वाळते आणि तीही किंचित बारीक होते. कोरडी काडी कधी घालू नका, ती मातीतलं पाणी पिऊन फुगते आणि हात आतून फाडते. तारेपेक्षा वाईट.

काडी कोपरात वाकवायची नसते. दंडाला एक, हाताला एक, मध्ये कोपरात काहीच नाही, तिथे जोड फक्त मातीचा. जोडताना दोन्ही तोंडांवर कोरणीने आडव्या-उभ्या रेघोट्या मारायच्या, पातळ चिखल लावायचा, दाबून थोडं फिरवायचं म्हणजे मधली हवा निघते. मग बाहेरून मातीची बारीक वळी लावून जोड बुजवायचा. नुसतं पाणी लावून चिकटवलेला हात वाळला की गळतोच. रानमोगराताई, तुमच्याकडचे हात गळतात ते तार नाही म्हणून नव्हे, जोडच पाण्याचा आहे म्हणून.

आणि मातीत कापूस. हे कुणी बोललंच नाही अजून. तीन किलो मातीला मूठभर कापूस, पिंजून, एकेक पुंजका सुटा करून मळायचा. गोळा तोडल्यावर तुटलेल्या कडेला तंतू दिसले पाहिजेत. तो तंतू भेग धरून ठेवतो. पण चेहऱ्याला आणि बोटांना कापसाची माती वापरायची नाही, तिथे कोरणी फिरवली की तंतू ओढला जाऊन ओरखडा उठतो. धडाला कापसाची, चेहऱ्याला साधी, वस्त्रगाळ. दोन्ही मळताना पाणी मात्र सारखंच हवं, नाहीतर सांध्यावर परत भेग.

ओढा

सगळे भेगांवर बोलताय, विसर्जनाचं कोण बोलणार? 'शाडू म्हणजे पर्यावरणपूरक' असं म्हणून तीच मूर्ती ऑइल पेंटने रंगवतात, वर चकाकी यावी म्हणून व्हार्निश. मग ती पाण्यात तीन दिवस तशीच बसलेली असते आणि लोक म्हणतात शाडू विरघळत नाही. अहो, विरघळत नाही तो तुमचा रंग.

शाडू मुळात पाण्यात विरघळतच नाही, फुटून पसरते. पूर्ण वाळलेली, पाण्याचा रंग दिलेली 9 इंचांची मूर्ती बादलीत रात्रभरात गाळ होते. तीच आतून ओलसर असेल तर उलट जास्त वेळ घेते, कारण कोरड्या मातीत पाणी झपकन शिरतं आणि तिला फोडतं, ओल्या मातीत शिरायला जागाच नसते. आणि तो गाळ न्हाणीघराच्या जाळीत ओतू नका. शाडू फार बारीक दाण्याची, वाकणात जाऊन बसली की सिमेंटसारखी घट्ट होते. कुंडीत ओततानाही नुसती ओतू नका, वरचा थर पापुद्र्यासारखा जमतो आणि मुळांना हवा मिळत नाही. एक भाग शाडूला आठ-दहा भाग कुंडीची माती.

सर्वांत बरं म्हणजे माती परत वापरा. गाळ सुती फडक्यात बांधून टांगा, पाणी निथळलं की वाळवा, ढेकळं फोडा, चाळा, पुढच्या वर्षी भिजवा. शाडू आपल्याकडे बहुतेक गुजरातेतून येते, भावनगरकडून. खणून, गाडीत घालून आणायची आणि दीड दिवसात खाडीत टाकायची, याला पर्यावरणपूरक म्हणू नका.

पेणकर

ओढा यांना पूर्ण अनुमोदन. पण मूळ वादाबद्दल मला दोन्ही बाजूंना सांगायचं आहे. घरगुती विरुद्ध शिकलेली अशी जी दोन टोकं तुम्ही धरलीत, त्यांच्या मधली जागा मोकळी नाही. मंडळी, बाजारातली सुबक मूर्ती ही शिकलेल्या माणसाने तुमच्यासाठी घडवलेली नसते. एका चांगल्या मूर्तिकाराने एक मूळ मूर्ती केलेली असते, तिच्यावरून साचा निघतो आणि त्यातून शेकड्यांनी मूर्ती. पेण, हमरापूर, जोहे, सगळीकडे हेच.

म्हणून साचा फुकटचा समजू नका. शाडूचं काम पीओपीसारखं, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिससारखं, ओतायचं नसतं. साच्याच्या दोन अर्ध्या भागांत पाऊण इंच जाडीचा थर अंगठ्याने दाबत न्यायचा. कोपऱ्यात, नाकाच्या वळणात, मुकुटाच्या नक्षीत हवा राहिली की तिथे खड्डा. थर एका जागी अर्धा इंच, दुसरीकडे इंचभर झाला की वाळताना मूर्ती मुरडते. दोन्ही अर्धे चिखल लावून जुळवायचे, साचा उघडायचा तो माती घट्ट झाल्यावर, पण साच्यातच आकसून फाटायच्या आत. ही वेळ पावसाळी हवेत रोज बदलते, घड्याळावर सांगता येत नाही. मग जोडाची रेघ कोरणीने काढायची, हात, सोंड, कान लावायचे, ओल्या ब्रशने गुळगुळीत करायचं. हे करणाऱ्या बायका कुठल्या महाविद्यालयात गेल्या आहेत? त्यांना त्रिमिती शिकलेल्यांत धरणार की अडाण्यांत?

आणि मनातलं बोलतो. कार्यशाळेची फी देताना कुणी घासाघीस करत नाही. तीच माणसं शाडूची मूर्ती घ्यायला आली की 'पीओपीची तर निम्म्यात मिळते' म्हणून दाराशी उभी. शाडूची ठिसूळ, जड, वाळायला महिना, जागा अडवणारी. पीओपी वीस मिनिटांत घट्ट होतं आणि संध्याकाळी रंगाला तयार. दोन्हींचा भाव एक कसा असेल? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये पीओपीच्या मूर्ती नकोत असं सांगितलं, 2025 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घडवायला मोकळीक दिली. या हेलकाव्यात शाडूवाल्याने माती किती भरून ठेवायची, हे त्याला कुणी सांगत नाही.

त्रिमिती

पेणकर, साच्यात माती दाबणाऱ्या हाताला मी अडाणी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. तो वर्षानुवर्षं घोटलेला हात आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच शिक्षण. माझा आक्षेप दोन तासांत कलाकार झाल्याच्या समजुतीला आहे. कोकणातली गणपतीची शाळा घ्या. तिथे मुलगा आधी माती मळतो, मग पाट उचलतो, मग बैठका थापतो. चेहऱ्याला हात लावायला काही वर्षं जातात. त्याला 'शाळा' म्हणतात ते उगाच नाही. मातकटताई ज्याला घरगुती शहाणपण म्हणतायत, ते या शाळेतून आलेलं आहे, सोसायटीच्या हॉलमधून नव्हे.

मातकट

हे बरोबर आहे. सोंड का टेकवायची, मान का झाकायची, हे मी वर लिहिलं ते सगळं त्या शाळांमधलंच आहे, आणि दोन तासांच्या कार्यशाळेत ते कुणी सांगत नाही हेही खरं. तेवढ्यापुरतं तुमचं मान्य.

पण मग त्या कार्यशाळा सुधारायला सांगा, लोकांना हात लावू नका म्हणून का सांगता? काय करायला हवं ते मी लिहिते. मूर्ती दोन बैठकांत करा. पहिल्या दिवशी फक्त बैठक, पोट, डोकं. प्लास्टिकने सैल झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी धड थोडं घट्ट झालेलं असतं, तेव्हा हात, सोंड, कान, मुकुट लावा. सगळं एका दमात लावलं की खालचं मऊ धड वरच्या वजनाने बसतं आणि त्रिमिती म्हणतात ती पोत्यासारखी बैठक होते. तो दोष मी वर मातीच्या नावावर खपवला, तो खरं तर घाईचा आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, माती नखाने दाबली तर खूण उमटते पण बोट रुतत नाही अशी झाली की, मूर्ती आडवी करून उशीवर ठेवा आणि खालून पोकळ करा. भिंत इंचभर ठेवा. भरीव पोट पावसाळ्यात तीन आठवडे वाळत नाही. मुलांना 5-6 इंचांचीच करू द्या, किलोभर मातीत होते, ती भरीव ठेवली तरी चालते. 9 इंचांना तीन-साडेतीन किलो कोरडी माती घ्या.

वाळवणं सावलीत. पंखा नको, एका बाजूने बल्ब तर अजिबात नको, बल्बाकडची बाजू आकसून मूर्ती त्या बाजूला कलते. त्रिमिती, कण्याची रेषा कललेली दिसते ना तुम्हाला, त्यातल्या कितीतरी मूर्ती ओल्या असताना सरळ असतात. वाळलेली कशी ओळखायची? रंग काळपट राखाडीवरून फिकट होतो, पण तो वरचाच. मूर्तीचा तळ गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे. ओल्यावर रंग दिला की आठ दिवसांत पापुद्रे सुटतात, नाहीतर बुरशीचे ठिपके.

परदेशस्थ

अमेरिकेतून एक भर. इथे दुकानांत हवेवर वाळणारी म्हणून जी माती मिळते, तिच्यातल्या काहींत चिकटद्रव्य असतं, बादलीत चार दिवस ठेवली तरी फुटत नाही. कुंभारकामाची साधी माती मागा, ओली, पंचवीस पौंडांच्या पिशवीत येते. भाजली नाही तर ती शाडूसारखीच रात्रीत गाळ होते. घरातल्या हीटरच्या झोताजवळ ठेवू नका, भेगांचं सगळं वरचंच लागू.

आखणी

एवढी चर्चा झाली, डोळ्यांबद्दल कुणीच नाही? मूर्ती बेढब की सुबक हे शेवटी डोळे ठरवतात. प्रमाणात चोख असलेली मूर्ती डोळ्यांच्या वाईट आखणीने मरते आणि ओबडधोबड गोळा चांगल्या आखणीने आपल्याकडे बघू लागतो.

घरी होणारी चूक एकच: बुबुळ पूर्ण गोल काढतात, चहूबाजूंनी पांढरं ठेवून. गणपती दचकल्यासारखा दिसतो. वरच्या पापणीने बुबुळाचा वरचा चतुर्थांश झाकला गेलाच पाहिजे. क्रम असा: आधी दोन्ही वरच्या पापण्यांच्या रेषा, एकामागून एक, मध्ये दुसरं काही नाही. एक डोळा पूर्ण करून मग दुसरा करायला घेतलात तर दोन्ही कधी जुळत नाहीत. मग दोन्ही खालच्या रेषा, मग बुबुळं, मग बाहुली, शेवटी पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. बुबुळं किंचित नाकाकडे आणि किंचित खाली. मूर्तीसमोर दोन-अडीच फुटांवर एक बिंदू धरा, दोन्ही नजरा तिथे मिळाल्या पाहिजेत. फार आत गेलं की तिरळा.

ब्रश शून्य नंबरचा. रंग पातळ दुधासारखा, घट्ट झाला की रेषा तुटते. आणि खालचा पांढरा थर नीट बसलेला हवा, चॉक पावडर आणि डिंकाचं पाणी, दोन हात, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर. नुसत्या मातीवर काळं लावलंत तर माती रंग शोषते आणि पापणीला मिशा फुटतात. हळद वापरणाऱ्यांनी खाली चुन्याचा हात देऊ नये, हळद चुन्यावर लाल होते.

त्रिमिती, कार्यशाळेवाल्यांनी डोळे रंगाने न काढता मातीतच उठावदार करायला शिकवलं तर तुमचा अर्धा सेंटिमीटरचा दोष निम्म्याने कमी होईल. मातीत पट्टी आडवी धरून तपासता येतं, खोडता येतं. रंगाची रेषा खोडता येत नाही.

त्रिमिती

हे उत्तम आहे. मातीत डोळे उठावदार करायचे, हे मी सांगायला हवं होतं.

तारेबद्दल: सुतळीचं मी म्हटलं ते चालतं, पण विसर्जनानंतर तार उरते या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. 'अर्धवट' शब्द मागे घेतो. 'हात लावू नये' हे मागे घेत नाही, बदलून लिहितो: एका बैठकीत पुरी करायची असेल तर हात लावू नये.

पाटावरचा, एक शंका. तुमच्याकडे मूर्ती थेट गिऱ्हाईकाने घरून आणून दिलेल्या लाकडी पाटावर करतात. तळ पाटाला धरून राहिला आणि माती आकसली तर बैठकीला तळातून भेग जाणार. ती कशी टाळतात?

पाटावरचा

बऱ्याचदा टळत नाही, जाते. रंगाआधी भरून काढतात. कमी व्हावी म्हणून पाटावर आधी कोरड्या शाडूची भुकटी चाळून घ्यायची, नखभर थर, म्हणजे तळ सरकायला मोकळा राहतो. काही जण वर्तमानपत्राचा दुहेरी कागद घालतात, तोही चालतो, पण कडेला सुरकुती पडली तर तिचा ठसा बैठकीवर येतो.

भरताना ओली माती भरू नका, ती परत आकसून सुटते. त्याच मूर्तीची खरवडलेली कोरडी भुकटी, त्यात भिजवून कुस्करलेला कागद निम्म्याने, डिंकाच्या पाण्यात कालवायचं. भेग ब्रशने ओलसर करायची आणि कोरणीच्या टोकाने आतपर्यंत दाबत भरायचं, वरवर लिंपायचं नाही. थोडं उंच ठेवायचं, दोन दिवसांनी घासून पातळीला आणायचं.

पाट नागपंचमीच्या सुमाराला द्या. चतुर्थीच्या आठ दिवस आधी आणून दिलात तर शाडूत करून मिळणार नाही, कुणी तेवढ्यात करून दिली तरी घेऊ नका.